वर्षभराचे देव

चीनमध्ये नववर्षाला घरोघरी चिकटवली जाणारी देवदेवतांची ठसेचित्रे म्हणजे न्येनहुआ. वर्ष सरले की जाळायची, फाडायची किंवा नव्या कागदाखाली झाकायची, अशी ही चित्रे. जी वस्तू टिकण्यासाठी घडवलेलीच नव्हती, ती आज टिकवायची कशी, असा प्रश्न या कलेपुढे उभा आहे.

चांद्र वर्षाच्या शेवटच्या महिन्यातील तेविसावा दिवस. उत्तर चीनमधील खेड्यात त्या संध्याकाळी चुलीजवळच्या भिंतीवरून एक कागद जपून उतरवला जाई. वर्षभराच्या धुराने तो काळवंडलेला असे. त्यावर छापलेला असे चुलीचा देव झाओ जुन, शेजारी त्याची पत्नी आणि वर येत्या शेतीच्या हंगामांची नोंद असलेले छोटेसे पंचांग. कुटुंबात वर्षभर कोण काय बोलले, कोणी कोणाशी कसे वागले, हे सारे या देवाने चुलीशेजारी बसून पाहिलेले असते. आता त्याला स्वर्गात जाऊन सम्राट देवापुढे त्याचा अहवाल सादर करायचा असतो. म्हणून निरोप देताना त्याच्या ओठांना मध किंवा धान्याच्या मोडांपासून केलेली चिकट मिठाई लावायची. तोंड गोड झाले तर तो गोड बोलेल आणि दात चिकटून बसले तर बोलूच शकणार नाही, असा त्यामागचा दुहेरी हिशेब. मग चित्राला अग्नी द्यायचा. धुराबरोबर देव वर जातो. चुलीची भिंत आठवडाभर रिकामी राहते आणि वर्षाच्या अखेरच्या रात्री तेथे नवा, कोरा, रंगांचा वास येणारा झाओ जुन येऊन बसतो. दक्षिणेकडे हाच निरोप चोविसाव्या दिवशी दिला जातो.

हा विधी आजही चीनच्या काही भागांत पाळला जातो. मात्र एकेकाळी तो कोट्यवधी चुलींपुढे होत असे आणि त्यासाठी लागणारे कोट्यवधी कागद लाकडी ठशांवरून हाताने छापले जात. चुलीप्रमाणेच दार, धान्याची कणगी, गोठा, विहीर, शयनगृह अशा घरातील प्रत्येक जागेचा वेगळा रक्षक होता आणि त्याचे वेगळे चित्र होते. या सगळ्या चित्रांना मिळून ‘न्येनहुआ’ म्हणतात. ‘न्येन’ म्हणजे वर्ष आणि ‘हुआ’ म्हणजे चित्र. चित्रांची परंपरा फार जुनी. हा शब्द मात्र ली ग्वांगथिंग यांच्या १८४९ सालच्या ग्रंथात आढळतो. त्यापूर्वी वेगवेगळ्या प्रांतांत ही चित्रे वेगवेगळ्या नावांनी विकली जात होती.

दारावरचे सेनापती

या चित्रांतील सर्वांत जुने मानकरी म्हणजे द्वारदेवता. एका पुराणकथेनुसार एका पर्वतावर पीचचा प्रचंड वृक्ष होता आणि त्याखाली शेनथू व यूल्यू हे दोघे भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्या भुतांवर पहारा देत. उपद्रवी भूत सापडले की ते बोरूच्या दोरीने बांधायचे आणि वाघापुढे टाकायचे, असा त्यांचा न्याय. त्यामुळे नववर्षाला दारावर पीचच्या लाकडाच्या फळ्या लावून त्यांवर या दोघांची चित्रे वा नावे काढण्याची प्रथा पडली. पुढे फळीची जागा कागदाने घेतली.

शेनथू आणि यूल्यू यांना मागे सारून लोकमानसात ज्यांनी जागा पटकावली, ते मात्र इतिहासातील पुरुष होते. इसवी सन ६२६ ते ६४९ या काळात राज्य करणारा थांग सम्राट थायझोंग याचे छिन शूबाओ आणि युची गोंग हे दोन सेनापती. सोळाव्या शतकातील ‘पश्चिमेची यात्रा’ या प्रसिद्ध कादंबरीत त्यांची कथा येते. सम्राटाला रात्री भूतबाधेमुळे झोप लागेना. तेव्हा हे दोघे चिलखत चढवून महालाच्या दारात रात्रभर उभे राहिले आणि त्या रात्री काहीच उपद्रव झाला नाही. आपल्या सेनापतींना रोज जागे ठेवणे सम्राटाला प्रशस्त वाटले नाही. त्याने चित्रकाराकडून त्यांची चित्रे काढून घेतली आणि दोन्ही फळ्यांवर लावली. चित्रांनीही तेच काम केले. जे सम्राटाला लाभले ते शेतकऱ्यालाही लाभावे, या भावनेने हे दोघे गोऱ्या आणि काळ्या चेहऱ्याचे वीर चीनभर दोन फळ्यांच्या दारांवर समोरासमोर उभे राहिले. बाहेरच्या दाराला शस्त्रधारी सेनापती, आतल्या दारांना राजदरबारी पोशाखातले अधिकारी आणि शयनगृहाच्या दाराला गुटगुटीत बालके, असा क्रमही हळूहळू ठरून गेला.

एका फळीच्या दाराला जोडी लावता येत नाही. तेथे अनेकदा झोंग क्वेई एकटाच पहाऱ्याला उभा राही. विद्वान असूनही केवळ कुरूप चेहऱ्यामुळे परीक्षेत डावलला गेलेला आणि त्या अपमानाने राजवाड्याच्या पायऱ्यांवर डोके आपटून प्राण देणारा हा पुरुष मृत्यूनंतर भुतांचा कर्दनकाळ झाला, अशी आख्यायिका आहे. सम्राट श्वेनझोंग याच्या स्वप्नात तो आला आणि दरबारी चित्रकार वू ताओझ याने त्याचे चित्र रेखाटले, असे सांगतात. पुढे १०७२ मध्ये सोंग सम्राटाने त्या चित्राचा ठसा कोरवून त्याच्या छापील प्रती दरबारातील अधिकाऱ्यांना वाटल्या. तत्कालीन विद्वान शेन को याने ही हकीकत नोंदवून ठेवली आहे. वर्षअखेरीला छापील देवचित्र भेट देण्याची ही फार जुनी आणि विश्वासार्ह नोंद होय.

वाळवंटाने राखलेले कागद

लाकडी ठशावरून चित्र छापण्याच्या विद्येला चीनमध्ये चालना मिळाली ती बौद्ध धर्मामुळे. पुण्य जोडायचे तर बुद्धाची प्रतिमा आणि सूत्रे जितकी पुन्हा पुन्हा उतरवावी तितके उत्तम आणि ठसा हे त्याचे सर्वांत सोपे साधन. दुनहुआंगच्या गुंफांतून १९०७ मध्ये ऑरेल स्टाइन यांच्या हाती लागलेले वज्रच्छेदिका सूत्र हे इसवी सन ८६८ या स्पष्ट तारखेचे आहे. त्याच्या आरंभी अनाथपिंडिकाच्या उद्यानात शिष्य सुभूतीला उपदेश करणाऱ्या बुद्धाचे छापील चित्र आहे. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याच गुंफांत ९४७ साली छापलेले वैश्रवणाचे चित्रही मिळाले. वैश्रवण म्हणजे भारतीयांचा कुबेर. तेथे तो उत्तर दिशेचा शस्त्रधारी रक्षक म्हणून उभा आहे.

बौद्ध भिक्षूंच्या हातातील ही विद्या सोंग काळात बाजारात उतरली. राजधानी कायफेंग ११२७ मध्ये जुर्चेन आक्रमकांच्या हाती पडली आणि तेथून दक्षिणेत गेलेल्या मेंग युआनलाओ याने आपल्या हरवलेल्या शहराच्या आठवणी लिहून काढल्या. वर्षाच्या शेवटच्या महिन्यात बाजारात छापील द्वारदेवता, झोंग क्वेई आणि पीचच्या फळ्या विकायला येत, असे तो सांगतो. त्या काळातले वापरातले कागद अर्थातच जळाले किंवा कुजले. मात्र रशियन संशोधक प्योत्र कोझलोव यांना १९०९ मध्ये खारा-खोतो या वाळवंटातील उजाड नगरात शान्शी प्रांतातील फिंगयांग येथे छापलेले चार सुंदरींचे एक ठसेचित्र मिळाले. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयातील हे चित्र न्येनहुआचे पूर्वज मानले जाते. कोरड्या वाळूने ते राखले, एवढ्यामुळेच ते आज पाहता येते.

ठसा, कागद आणि हात

न्येनहुआची कृती सांगायला सोपी आणि साधायला अवघड आहे. प्रथम चित्रकार पातळ कागदावर काळ्या रेषांनी चित्र काढतो. तो कागद नासपतीच्या किंवा बोरीच्या घट्ट रेषांच्या लाकडी फळीवर पालथा चिकटवला जातो. कागदातून उलटी दिसणारी रेष तेवढी उंच ठेवून कोरणारा कारागीर बाकीचे लाकूड काढून टाकतो. हा झाला रेषेचा ठसा. त्यानंतर लाल, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा अशा प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र ठसा कोरला जातो.

छपाईच्या मेजाची रचना मोठी कल्पक आहे. कोऱ्या कागदांची चळत एका कडेने मेजाला घट्ट आवळून ठेवतात आणि ठसा दुसऱ्या बाजूला पक्का बसवतात. कारागीर ठशावर रंग फिरवतो, चळतीतला एक कागद त्यावर ओढतो, ताडवर्गीय झाडाच्या तंतूंच्या घोटणीने वरून घासतो आणि छापलेला कागद मेजातल्या फटीतून खाली सोडतो. मग दुसरा कागद. शेकडो कागदांवर एक रंग उमटला की ठसा बदलायचा. कागदाची कड हललेली नसल्याने दुसरा रंग नेमका जागेवर पडतो. यंत्राविना साधलेला हा नेमकेपणा डोळ्यांच्या आणि मनगटाच्या सरावावर उभा असतो. रंगही घरचेच. काजळीपासून काळा, नीळेपासून निळा, सोफोरा वृक्षाच्या कळ्यांपासून पिवळा.

सगळी केंद्रे याच रीतीने काम करीत असे मात्र नाही. तियानजिनजवळच्या यांगल्यूचिंग येथे ठशावरून रेषा आणि काही रंग छापून घ्यायचे आणि चेहरे, गालांवरची लाली, वस्त्रांवरची नक्षी कुंचल्याने रंगवायची, अशी अर्धी छपाई व अर्धे चित्रण अशी पद्धत रूढ झाली. सिचुआनमधील म्येनझू येथे तर ठसा केवळ रेषेपुरता. बाकी सारे हाताचे काम. तेथे वर्षअखेरची एक हृद्य रीत होती. मालकाचे काम संपले की शेवटच्या संध्याकाळी कारागीर वाट्यांत उरलेले रंग घेत आणि भराभर चार फटकाऱ्यांत द्वारदेवतांच्या काही जोड्या रंगवून स्वतःसाठी बाजारात विकत. घाईने, उरल्यासुरल्या रंगांत काढलेली ही चित्रे आज म्येनझूची सर्वांत जोमदार चित्रे म्हणून वाखाणली जातात.

गावोगावचे वळण

यांगल्यूचिंग हे महाकालव्याच्या काठचे गाव. दक्षिणेकडून कागद आणि रंग जलमार्गाने येत आणि तयार चित्रे त्याच वाटेने जात. आसपासच्या खेड्यांतून बायका-मुलेही रंगकाम करीत. राजधानी पेकिंग जवळच असल्याने येथील चित्रांत नागर नजाकत आली. सुझोऊमधील ताओहुआवू या पेठेत अठराव्या शतकात युरोपीय छायाप्रकाश आणि खोलीचा आभास आत्मसात करणारी मोठी नगरचित्रे छापली गेली. ती जपानपर्यंत पोहोचली आणि तेथील ठसेचित्रकारांनी ती अभ्यासली. त्याउलट शांडोंगमधील यांगज्याबू आणि हेबेईमधील वूच्यांग ही शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांसाठी चालवलेली केंद्रे. हंगाम संपला की नांगर ठेवायचा आणि ठसा हाती घ्यायचा. तेथील रंग भडक, रेषा ठसठशीत आणि विनोद मोकळा. हेनानमधील झूश्येनझेन हे जुन्या कायफेंगजवळचे गाव सोंग राजधानीचा वारसा सांगते. ग्वांगडोंगमधील फोशानची चित्रे आग्नेय आशियात स्थायिक झालेल्या चिनी कुटुंबांपर्यंत जात.

या चित्रांचा ग्राहक बहुधा निरक्षर होता आणि म्हणूनच ती शब्दांशी लपंडाव खेळतात. कमळाशेजारी मोठा मासा कवटाळून बसलेले गुटगुटीत बालक हे यांगल्यूचिंगचे सर्वांत प्रसिद्ध चित्र. चिनी भाषेत कमळासाठीचा ‘ल्येन’ हा उच्चार ‘सलग’ या अर्थाच्या शब्दासारखा आहे आणि माशासाठीचा ‘यू’ हा ‘शिल्लक’ या अर्थाच्या शब्दासारखा. म्हणजे चित्र पाहणाऱ्याने म्हणायचे, वर्षामागून वर्षे घरात शिल्लक राहो. वटवाघूळ अनेक देशांत अशुभ, पण चीनमध्ये त्याचे नाव ‘फू’ असे भाग्यवाचक शब्दासारखे उच्चारले जाते म्हणून ते शुभ. फुलदाणी म्हणजे शांती, दाणेदार डाळिंब म्हणजे संततीची समृद्धी. ज्या घरात दर तिसऱ्या वर्षी अवर्षणाची भीती होती, त्या घराच्या भिंतीवर शिलकीचा मासा होता, हे ध्यानात घेतले की या चित्रांतला गोडवा निराळा वाटू लागतो.

देवांखेरीज नाट्यप्रसंग, इतिहासातील लढाया, लोककथा आणि ताज्या घडामोडीही छापल्या जात. १८८४-८५चे चीन-फ्रान्स युद्ध आणि १९०० मधील बॉक्सर उठाव खेड्यापाड्यांत पोहोचले ते अशाच चित्रांतून, कधी पराभवालाही विजयाचा रंग देत. थोर साहित्यिक लू शुन यांच्या बालपणी पलंगाजवळ उंदरांच्या लग्नाचे चित्र चिकटवलेले होते. ती वरात प्रत्यक्ष पाहायला मिळावी म्हणून एका रात्री ते जागे राहिले होते, अशी आठवण त्यांनी लिहिली आहे. पुढे १९३० च्या दशकात त्यांनी झूश्येनझेनची चित्रे आवर्जून जमवली आणि तरुण चित्रकारांना लाकडी ठशाकडे वळवले.

नकोसे झालेले देव

लू शुन चित्रे जमवत होते तेव्हाच ती मागे पडू लागली होती. शांघायमधील शिळाछापाच्या यंत्रांनी हजारोंनी स्वस्त, गुळगुळीत चित्रे बाजारात ओतली. आधुनिक सुंदरींची दिनदर्शिका भिंतीवर आली. १९१२ मध्ये प्रजासत्ताकाने पाश्चात्त्य कालगणना स्वीकारली आणि नव्या सुशिक्षितांना जुन्या पंचांगाबरोबर चुलीचा देवही अंधश्रद्धेचे प्रतीक वाटू लागला. साम्यवादी सत्ता आल्यावर २७ नोव्हेंबर १९४९ रोजी सांस्कृतिक मंत्रालयाने नव्या न्येनहुआसाठी आदेश प्रसिद्ध केला. रूप जुने ठेवावे आणि आशय नवा भरावा, अशी त्यामागची कल्पना होती. सेनापतींच्या जागी सैनिक, शेतकरी आणि कामगार आले. मासा धरलेले बालक राहिले, कारण त्याच्यात देव नव्हता.

१९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात मात्र रूपही सुटले नाही. ‘चार जुन्या गोष्टी’ नष्ट करण्याच्या मोहिमेत असंख्य ठसे चुलीत गेले. कागद दरवर्षी जळतच होता. त्याने परंपरेचे काही बिघडत नव्हते. ठसा जळणे ही गोष्ट निराळी होती. कागद हा देवाचा एका वर्षाचा देह, तर ठसा म्हणजे त्याच्या पुन्हा येण्याची हमी. ती हमीच आता धुरात गेली.

या विध्वंसातून जे वाचले त्याची कथा विलक्षण आहे. जुनी न्येनहुआ मोठ्या संख्येने आढळतात ती ज्यांनी ती कधी दाराला लावलीच नाहीत त्यांच्याकडे. रशियन चीनविद्यापंडित वासिली अलेक्सेयेव्ह यांनी १९०७ मध्ये फ्रेंच विद्वान एदुआर शावान यांच्यासमवेत उत्तर चीनचा प्रवास केला आणि बाजारात मिळतील ती चित्रे विकत घेतली. त्यांनी जमवलेली हजारो चित्रे आज सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयांत आहेत. अमेरिकेच्या ॲन गुडरिच यांनी १९३१ मध्ये पेकिंगमधील एका दुकानातून जाळण्यासाठी छापलेले दोनशेहून अधिक कागदी देव विकत घेतले. तो संग्रह न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आहे. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९९१ मध्ये, म्हणजे खरेदीनंतर तब्बल साठ वर्षांनी प्रसिद्ध झाले. या देवांच्या ओठांना कधी मध लागला नाही आणि ते स्वर्गातही गेले नाहीत. म्हणूनच ते आज पाहायला मिळतात.

छपरातले ठसे

चीनमध्येही काही जणांनी ठसे लपवले होते. २००३ मध्ये वूच्यांग परगण्यातील एका खेड्यात जुन्या घराचे छप्पर उघडले तेव्हा त्यात दडवलेले शंभराहून अधिक ठसे मिळाले. वाडवडिलांचे हे धन घरच्यांनी छपरात ठेवले आणि पुढची कित्येक वर्षे त्याखाली मुकाट्याने राहिले. हे ठसे बाहेर काढण्याच्या कामात तियानजिनचे साहित्यिक फेंग जीत्साय यांचा पुढाकार होता. १९४२ मध्ये जन्मलेल्या फेंग यांनी या शतकाच्या आरंभी देशभरातील न्येनहुआ केंद्रांच्या पाहणीचे प्रचंड काम हाती घेतले. चित्रे, ठसे, अवजारे, कारागिरांच्या तोंडी असलेली माहिती असे सारे नोंदवून त्याचे वीसहून अधिक खंड प्रसिद्ध झाले. २००६ मध्ये चीनने अमूर्त सांस्कृतिक वारशाची पहिली राष्ट्रीय यादी जाहीर केली. तीत यांगल्यूचिंग, ताओहुआवू, यांगज्याबू, वूच्यांग, झूश्येनझेन, म्येनझू, फोशान यांसह अनेक केंद्रांच्या न्येनहुआला स्थान मिळाले. चिनी लोकांच्या वसंतोत्सवाची, म्हणजे या नववर्षाची, नोंद युनेस्कोने २०२४ मध्ये आपल्या यादीत केली.

सरकारी मान्यता, संग्रहालये आणि प्रमाणित वारसदार कारागीर यांमुळे ठसा कोरण्याची विद्या तूर्त वाचली आहे. तिला जागा मात्र उरलेली नाही. शहरातल्या सदनिकेला एकाच पोलादी फळीचे दार असते. तेथे समोरासमोर उभे राहणारे दोन सेनापती कोठे लावायचे? गॅसच्या शेगडीमागे फरशी आली आणि चुलीच्या देवाची भिंत गेली. स्वस्त छापील चित्रे आणि सोनेरी अक्षरांचे लाल कागद नववर्षाला अजूनही दारांवर लागतात. ठशावरून हाताने छापलेले महागडे चित्र मात्र पर्यटक घेतो, पेटीत बांधतो आणि काचेच्या चौकटीत लावतो. तेथे त्याला धूर लागत नाही, ऊन लागत नाही आणि वर्ष संपल्यावर कोणी ते खाली उतरवीत नाही.

कारागिराचे पोट या चौकटीवर चालते, म्हणून तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. तरीही ज्या गावांत वर्षाच्या शेवटच्या महिन्यात अजून बाजार भरतो आणि म्हातारी गिऱ्हाईक द्वारदेवतांची नवी जोडी गुंडाळून घरी नेते, तेथे या कलेचे खरे आयुष्य आहे. घरी गेल्यावर ती आधी जुनी जोडी खरवडून काढील. तिचे रंग उडालेले असतील, कडा फाटलेल्या असतील. वर्षभर दारात उभे राहून त्या सेनापतींनी आपले काम केलेले असेल.